तकदीर आणि दियत

4 एप्रिल 2025, शुक्रवार. वसमत तालुक्यातील गुंज गावच्या शेतमजूर महिला ट्रॅक्टरने कामाला निघाल्या. नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. सात जणी गेल्या. राज्य सरकारने प्रत्येकी 5 लाख आणि पंतप्रधान निधीतून 2 लाखांची मदत जाहीर झाली.

अशा घरी सांत्वनाला गेलेला हिंदू ‘नशीब’ म्हणतो, मुसलमान ‘अल्लाहची मर्जी’ म्हणतो. सब्र हवाच. पण तकदीर म्हटल्याने हिशेब मिटतो का?

कुरआनमधील सूरह निसाची 92वी आयत चुकून झालेल्या मृत्यूबद्दल आहे. हेतू नव्हता, म्हणून ती खुनाची शिक्षा नाही. मात्र प्रायश्चित्त आहे आणि वारसांना दियत, म्हणजे भरपाई, द्यावीच लागते. ती माफ करण्याचा अधिकार फक्त वारसांचा. पुढे फिकहने व्यवस्था लावली की, ही रक्कम एकट्या माणसाला झेपणार नाही, म्हणून त्याच्या कुळाने, ‘आकिला’ने, ती मिळून भरावी.

इंग्रजी कायद्यात 1846 पर्यंत माणूस मेला की त्याच्या मृत्यूबद्दलचा दावाही संपे. भारतात 1855 च्या प्राणांतिक अपघात कायद्याने वारसांना हक्क दिला. पण त्यासाठी दिवाणी दावा लढवावा लागे. तो मजुराच्या आवाक्याबाहेरचा होता. 1939 च्या मोटार वाहन कायद्याने तृतीय पक्ष विमा आणला. सगळ्या वाहनमालकांनी थोडे थोडे भरायचे आणि एकाच्या चुकीची भरपाई त्यातून करायची. तत्त्व आकिलाचेच, फक्त कुळाच्या जागी विमा कंपनी आली. 1956 च्या दुरुस्तीने दाव्यांसाठी वेगळ्या न्यायाधिकरणाची सोय केली. 1982 मध्ये चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी 15 हजार रुपये मिळू लागले. धडक देऊन वाहन पळून गेले तर 1 एप्रिल 2022 पासून मृताच्या वारसांना 2 लाख रुपये मिळतात.

म्हणजे सरकारी मदत वेगळी आणि भरपाई वेगळी. मदत ही सरकारची मेहरबानी, भरपाई हा वारसांचा हक्क. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला तरी दावा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. 2019 च्या दुरुस्तीने त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली. चाळिसाव्यात किंवा तेराव्यात गुंतलेल्या घराला हे कोण सांगणार? त्यातही ट्रॉलीत बसलेल्या मजुरांचा दावा अवघड. विमा शेतीकामाचा आहे, प्रवाशांचा नाही, असा बचाव कंपन्या करतात. ज्यांना ट्रॉलीशिवाय कामावर जायला साधन नाही, त्यांच्याच बाबतीत हक्क अडतो.

हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल सांगितले जाते की, दूर इराकमध्ये एखादे खेचर रस्त्यात अडखळले, तरी ‘रस्ता सपाट का केला नाहीस’ असा जाब अल्लाह मला विचारेल, याची त्यांना भीती वाटे. तकदीरवर त्यांचाही ईमान होता. तरीही रस्त्याचा जाब त्यांनी स्वतःकडेच घेतला.

पुढच्या वेळी मयतीला जाऊ तेव्हा दुआ करूच. सोबत एफआयआरची आणि विम्याच्या कागदाची प्रत मिळाली का, हेही विचारू.