हेडली व्हेरिटी : व्यावसायिक खेळाडू आणि कॅप्टन

खेळातील संघनायक आणि सैन्यातील एक हुद्दा या दोहोंना इंग्रजीत एकच शब्द आहे. मराठीत पहिल्यास ‘कर्णधार’ म्हणतात व दुसऱ्यासाठी ‘कॅप्टन’ हाच शब्द चालतो. यॉर्कशरचे डावखुरे फिरकी गोलंदाज हेडली व्हेरिटी यांना या शब्दाचा एकच अर्थ लाभला. आणि तो ज्या क्षेत्रात त्यांनी कीर्ती मिळविली त्या क्षेत्रातील नव्हे. या विसंगतीमागे तत्कालीन इंग्लंडची समाजरचना आहे.

व्हेरिटी यांचा जन्म लीड्समधील हेडिंग्ली येथे १८ मे १९०५ रोजी झाला. वडील कोळशाचे व्यापारी होते. विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्या कारकीर्दीची अखेर होत असता, १९३० मध्ये, ते यॉर्कशरच्या संघात आले. १९३२ मध्ये हेडिंग्लीच्याच मैदानावर त्यांनी नॉटिंगहॅमशरचे दहाही गडी अवघ्या १० धावांत बाद केले. प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील हा विक्रम आजही अबाधित आहे. १९३४ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी सामन्यात १५ बळी घेतले, त्यांपैकी १४ एकाच दिवशी. ४० कसोटी सामन्यांत त्यांचे १४४ बळी आहेत. भारतासही त्यांचे हे कौशल्य जवळून पाहावयास मिळाले. १९३३-३४ च्या दौऱ्यात मुंबईच्या जिमखाना मैदानावरील भारतातील पहिल्या कसोटीत ते खेळले, आणि पुढे मद्रास येथे त्यांनी एका सामन्यात ११ बळी मिळविले.

तथापि हे सर्व यश व्यावसायिक खेळाडूचे होते. इंग्लिश क्रिकेटमध्ये त्या काळी ‘जंटलमन’ आणि ‘प्लेअर’, म्हणजे हौशी आणि वेतन घेऊन खेळणारे, असा भेद कसोशीने पाळला जात असे. दोघांच्या पोशाखाच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याची दारेही पुष्कळदा वेगळी. लॉर्ड्सच्या छापील गुणपत्रिकेत हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी, तर व्यावसायिकाची नंतर. नेतृत्व हा हौशी खेळाडूचा हक्क मानला जाई. व्हेरिटी खेळत असता यॉर्कशरने सात वेळा कौंटी अजिंक्यपद मिळविले; पण संघाचा कर्णधार नेमताना त्यांच्यासारख्या व्यावसायिकाचा विचार होणे शक्यच नव्हते. खेळाची जाण नव्हे, तर सामाजिक दर्जा येथे निर्णायक ठरत होता.

१९३८ च्या म्यूनिक करारानंतर युद्ध अटळ आहे असे व्हेरिटी यांना वाटू लागले. परिचयातील एका लष्करी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने त्यांनी युद्धशास्त्रावरील पुस्तके अभ्यासण्यास आरंभ केला. फलंदाजाची चाल चिकाटीने न्याहाळणारा हा गोलंदाज नव्या विद्येकडेही त्याच वृत्तीने वळला. १ सप्टेंबर १९३९ रोजी, जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसले त्याच दिवशी, होव्ह येथे ससेक्सचा डाव ३३ धावांत संपला. व्हेरिटी यांनी ९ धावांत ७ बळी घेतले. तो त्यांचा अखेरचा प्रथम श्रेणी सामना ठरला.

पुढे ग्रीन हॉवर्ड्स या पलटणीत ते अधिकारी झाले. १९४२ मध्ये त्यांचे बटालियन भारतात आले. रांचीच्या मुक्कामात आमांशाने त्यांची प्रकृती ढासळली. तेथून इराण, सीरिया व इजिप्त असा प्रवास करून बटालियन जुलै १९४३ मध्ये सिसिलीत उतरले. १९ जुलैच्या रात्री कटानियाच्या मैदानी प्रदेशात व्हेरिटी यांच्या कंपनीने जर्मन ठाण्यावर चाल केली. शत्रूच्या माऱ्याने उभ्या पिकास आग लागली आणि तिच्या उजेडात शेतातील सैनिक स्पष्ट दिसू लागले. छातीत जखम होऊन कोसळल्यावरही व्हेरिटी यांनी आपल्या माणसांना पुढे जाण्याचीच आज्ञा केली. ते कैद झाले. इटलीच्या मुख्य भूमीवर नेऊन त्यांच्यावर शस्त्रक्रिया करण्यात आली. आणि ३१ जुलै रोजी, वयाच्या ३८ व्या वर्षी, काझेर्ता येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

या मृत्यूचे वर्णन करताना खेळाडूचे धैर्य रणांगणावर प्रकट झाले, असे म्हणण्याचा प्रघात आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. माणसांचे नेतृत्व करण्याची पात्रता व्हेरिटी यांच्या अंगी युद्धाने निर्माण केली नाही. युद्धाने ती केवळ मान्य केली, आणि तीही प्राणांचे मोल घेऊन. शांततेच्या काळातील क्रिकेटने मात्र ती मान्य करण्यास आणखी काही वर्षे घेतली. जून १९५२ मध्ये विजय हजारे यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाविरुद्ध इंग्लंडने लेन हटन यांना कर्णधार नेमले. इंग्लंडचे विसाव्या शतकातील हे पहिले व्यावसायिक कर्णधार व्हेरिटी यांचे यॉर्कशरमधील धाकटे सहकारी होते, आणि सामन्याचे स्थळ होते हेडिंग्ली. यॉर्कशरने स्वतः मात्र हटन यांनाही कधी आपला कर्णधार नेमले नाही. हौशी व व्यावसायिक हा भेद औपचारिकपणे रद्द होण्यास १९६२ साल उजाडावे लागले.

१९५४ मध्ये ऑस्ट्रेलियाकडे जाताना हटन काझेर्ता येथील युद्धस्मशानात व्हेरिटी यांच्या समाधीपाशी गेले. इंग्लंडचा कर्णधार या नात्याने ते दौऱ्यावर निघाले होते. समोरच्या शिळेवर व्हेरिटी यांच्या नावासोबत ‘कॅप्टन’ हा हुद्दा होता. तो त्यांना सैन्याने दिला होता.