डॉक्टर व्हायचे, पण सेवाग्रामलाच का?

डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. ग्रामीण भागातील देशातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ती ओळखली जाते.

'हेच महाविद्यालय का?' हा प्रश्न येथे प्रवेशापूर्वीच उमेदवारासमोर येत असे. संस्थेच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत विज्ञान विषयांबरोबर गांधीविचारांचीही प्रश्नपत्रिका होती. ती केवळ पाठांतरावर सोडविणारेही असणारच. तथापि खादी, श्रमदान व सर्वधर्म प्रार्थना आपल्या वाट्याला येणार, याची कल्पना अर्जदाराला आधीच येई. 'नीट' आल्यानंतर ही प्रश्नपत्रिका संपली आणि निवड गुणक्रमावर आली.

त्यामुळे सेवाग्रामची खरी ओळख आता प्रवेशानंतरच होते. नवे विद्यार्थी प्रारंभी गांधी आश्रमातील शिबिरात राहतात. पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थ्यांकडे तेथील काही कुटुंबे सोपविली जातात. पाणी, शौचालय, लसीकरण, गरोदर मातेचा आहार यांची विचारपूस करीत शिकण्याची ही पद्धत शहरी मुलाला सुरुवातीला अवघडच वाटते. आपल्या पदवीधरांना पदव्युत्तर प्रवेशासाठी दोन वर्षांच्या ग्रामीण सेवेची अटही संस्थेने घातली होती.