तात्पुरती सेवा आणि ज्येष्ठता

सरकारी नोकरीत नियमित नेमणुकीच्या आधी कर्मचाऱ्याने तात्पुरत्या, तदर्थ किंवा स्थानापन्न स्वरूपात केलेली सेवा ज्येष्ठता ठरवताना धरायची की वगळायची, यावरून उद्भवणारे वाद. ज्येष्ठता यादीतल्या क्रमांकावर पुढची पदोन्नती ठरते, पदोन्नतीवर वेतन ठरते, आणि शेवटच्या वेतनावर निवृत्तिवेतन. त्यामुळे यादीत दहा क्रमांक खाली जाणे म्हणजे अनेकदा एका पदाने कमी राहून निवृत्त होणे. या प्रश्नावरचा देशातला पायाभूत निर्णय महाराष्ट्रातल्या उपअभियंत्यांच्या भांडणातून आला आहे.

वाद बहुधा प्रशासनाच्या दिरंगाईतून सुरू होतो. पद मंजूर असते आणि काम अडलेले असते, पण सेवाप्रवेश नियम तयार नसतात किंवा लोकसेवा आयोगाची निवड लांबलेली असते. मग खालच्या संवर्गातल्या अनुभवी माणसाला वर बसवले जाते किंवा बाहेरून कोणाला तरी घेतले जाते. आदेशात ‘आयोगाचा उमेदवार उपलब्ध होईपर्यंत’, ‘पुढील आदेश होईपर्यंत’, ‘या नेमणुकीमुळे ज्येष्ठतेचा हक्क प्राप्त होणार नाही’ अशी वाक्ये असतात. काही ठिकाणी २९ दिवसांचे आदेश निघतात, एका दिवसाचा तांत्रिक खंड दिला जातो आणि पुन्हा २९ दिवस. पदेसुद्धा अस्थायी असतात. मुदतवाढीचे शासन निर्णय काढून ती वर्षानुवर्षे चालू ठेवली जातात. काम मात्र तात्पुरते नसते. तोच उपविभाग, तेच मोजमाप पुस्तक, त्याच सह्या आणि चूक झाली तर तीच विभागीय चौकशी. दहा वर्षांनी आयोगातून निवडलेला तरुण रुजू होतो आणि यादीत आधीपासून काम करणाऱ्याच्या वर बसतो. दोघांपैकी कोणाचीच चूक नसते. एकाने परीक्षा दिलेली असते, दुसऱ्याने विभाग चालवलेला असतो.

मुंबई राज्याच्या अभियांत्रिकी सेवेत हेच घडले. उपअभियंता या वर्ग दोनच्या पदावर दोन वाटांनी माणसे येत : सरळसेवेने निवडलेले पदवीधर, आणि दुय्यम सेवेतून बढती मिळालेले. सरळसेवेचा अधिकारी ठरावीक परिवीक्षा संपली की कायम होई. बढतीवाल्याला कायम केव्हा करायचे हे सरकारच्या मर्जीवर राही. रिकामी कायम पदे असतानाही त्याला वर्षानुवर्षे स्थानापन्न ठेवले जाई. भरीस भर म्हणून १९६०च्या नियमांत अशी तरतूद होती, की एखाद्या वर्षी सरळसेवेने आलेले परिवीक्षाधीन सगळे मिळून, गटाने, त्या वर्षी कायम झालेल्या बढतीवाल्यांच्या वर राहतील. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९७०मध्ये आलेल्या नियमांनीही ज्येष्ठता कायम होण्याशीच जोडून ठेवली. म्हणजे माणूस किती वर्षे काम करतो आहे याला किंमत नाही. कायम झाल्याचा कागद कोणत्या तारखेचा, एवढेच मोजायचे.

सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये ‘पटवर्धन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात हे दोन्ही नियम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवून रद्द केले. निकालपत्र न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांचे. कायम करणे ही गोष्ट ना कर्मचाऱ्याच्या कार्यक्षमतेवर अवलंबून असते ना रिकाम्या जागांवर, तेव्हा अशा अनिश्चित गोष्टीला ज्येष्ठतेची एकमेव कसोटी करता येणार नाही, असे त्यांनी बजावले. एकाच संवर्गात, एकच काम करणाऱ्या दोन गटांतली ज्येष्ठता इतर बाबी समान असतील तर सलग स्थानापन्न सेवेवर ठरावी. फक्त ती सेवा आगंतुक, योगायोगाने आलेल्या जागेवरची नसावी. उत्तर प्रदेशातल्या पाटबंधारे अभियंत्यांच्या १९८०च्या खटल्यातही न्यायालयाने दीर्घकाळ चालणाऱ्या अस्थायी पदावरच्या सेवेला मोल दिले.

पटवर्धन निकालाने बढतीवाले वर सरकले आणि सरळसेवेचे अधिकारी खाली आले. त्यांनाही अन्याय झाल्यासारखे वाटले, आणि ते समजण्याजोगे आहे : ज्या नियमांच्या भरवशावर त्यांनी नोकरी स्वीकारली, ते नियम मागाहून पुसले गेले होते. त्यांच्या संघटनेने पुन्हा न्यायालय गाठले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २ मे १९९० रोजी ‘डायरेक्ट रिक्रूट क्लास टू इंजिनिअरिंग ऑफिसर्स असोसिएशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात निर्णय दिला. न्यायमूर्ती ल. म. शर्मा यांनी लिहिलेल्या या निकालाच्या शेवटी ‘ए’पासून ‘के’पर्यंत अकरा निष्कर्ष आहेत. आज देशातल्या कोणत्याही न्यायाधिकरणात ज्येष्ठतेचा वाद आला की यातली पहिली दोन अक्षरे ऐकू येतातच.

निष्कर्ष ‘ए’ असा : नियमांनुसार नेमणूक झाली असेल तर ज्येष्ठता नेमणुकीच्या दिनांकापासून मोजायची, कायम झाल्याच्या दिनांकापासून नाही, परंतु पहिली नेमणूक तदर्थ, नियमांबाहेरची आणि वेळ भागवण्यापुरती असेल तर ती सेवा धरायची नाही. निष्कर्ष ‘बी’ असा : पहिल्या नेमणुकीत नियमांनी सांगितलेली कार्यपद्धती पाळली गेली नसली, तरी कर्मचारी नियमित होईपर्यंत अखंड त्या पदावर राहिला असेल तर ती स्थानापन्न सेवा धरायची. उरलेल्या निष्कर्षांत सरळसेवा आणि पदोन्नती यांच्या प्रमाणाचा विचार आहे. ठरवलेले प्रमाण पाळणे अशक्य होऊन ते वर्षानुवर्षे पाळले गेले नाही, तर तो नियमच कोलमडला असे मानावे. आणि अशा वेळी रीतसर बढती मिळालेल्यांना नंतर सरळसेवेने आलेल्यांच्या खाली ढकलू नये. महाराष्ट्रातले कायम आणि स्थानापन्न उपअभियंते एकाच संवर्गातले आहेत, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. एखाद्या सेवेतली बसलेली घडी किरकोळ चुका शोधून पुन्हा विस्कटू नये, हे या निकालातले वाक्य वकिलांपेक्षा विभागांनी जास्त लक्षात ठेवायला हवे होते.

‘ए’चा उत्तरार्ध आणि ‘बी’ वरवर पाहता एकमेकांविरुद्ध जातात, आणि पुढची कित्येक वर्षे दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या सोयीचे अक्षर घेऊन उभे राहिले. १९९३मध्ये पश्चिम बंगालच्या एका खटल्यात (अघोरनाथ डे) न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांनी ही गाठ सोडवली. ‘बी’चा लाभ ‘ए’ने वगळलेल्या तात्पुरत्या सोयीला मिळणार नाही. जागा खरोखर रिकामी होती, नेमणूक ठरावीक मुदतीपुरती नव्हती, माणूस त्या पदाला पात्र होता आणि उणीव फक्त कार्यपद्धतीतली होती, अशाच वेळी आधीची सेवा मोजायची. म्हणून आजही अशा वादात पहिला प्रश्न वर्षांचा नसतो, पहिल्या आदेशाचा असतो. जागा रिकामी होती का? जाहिरात निघाली होती का? निवड समितीची शिफारस होती का? आदेशात मुदत लिहिली होती का? पंधरा वर्षांची निष्ठेने केलेली नोकरी त्या एका पानावर तोलली जाते, आणि ते पान लिहिताना कर्मचाऱ्याला कोणी विचारलेले नसते.

महाराष्ट्राने सर्व नागरी सेवांसाठी १९८२मध्ये ज्येष्ठतेच्या विनियमनाचे नियम केले. त्यांची जागा २०२१च्या नियमांनी घेतली. १९८२च्या नियमांचा गाभा संवर्गातल्या सलग सेवेचा होता, पण ‘अभावित सेवा’ त्यातून वगळली होती. नियमित नेमणूक होईपर्यंत तात्पुरती दिलेली नेमणूक ती अभावित. राज्यातल्या बहुतेक भांडणांचे मूळ या एका व्याख्येत सापडते. याच चौकटीत ‘मानीव दिनांक’ येतो : चुकीने डावललेल्या कर्मचाऱ्याला त्याच्या कनिष्ठाच्या पदोन्नतीची तारीख मागाहून दिली जाते. वेतन कागदोपत्री वाढते, मात्र त्या मधल्या काळाची थकबाकी सहसा मिळत नाही, कारण त्या पदावर प्रत्यक्ष काम केलेले नसते. काम करू दिले नाही म्हणून वाद आणि काम केले नाही म्हणून थकबाकी नाही, हे उत्तर न्याय्य आहे असे म्हणवत नाही.

कंत्राटी नेमणुकांनी हा प्रश्न वेगळ्या वळणावर नेला. २००६च्या उमादेवी निकालात घटनापीठाने मागच्या दाराने झालेल्या नेमणुका नियमित करायला नकार दिला. मंजूर पदावर, न्यायालयाच्या आदेशाच्या आधाराशिवाय दहा वर्षे काम केलेल्या पात्र कर्मचाऱ्यांसाठी एकदाच वाट मोकळी ठेवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१३मध्ये शासकीय तंत्रनिकेतनांतल्या, निवड समितीमार्फत घेतलेल्या कंत्राटी अधिव्याख्यात्यांना नियमित करण्याचा आदेश दिला. मागील काळाचे आर्थिक लाभ नाकारले, परंतु इतर बाबींसाठी सेवेचे सातत्य मान्य केले. सरळसेवेकडूनही उलटी मागणी होते : जागा ज्या वर्षी रिकामी झाली त्या वर्षापासून आम्हाला ज्येष्ठ धरा. २०१९मध्ये मणिपूरच्या पोलीस सेवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. सेवेत प्रवेशच झाला नव्हता तेव्हाची ज्येष्ठता मागता येत नाही.

दाद कोठे मागायची हे नोकरी कोणाची यावर ठरते. राज्य सरकारी कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे ‘मॅट’मध्ये जातात. मुंबईत ते १९९१पासून आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे खंडपीठे आहेत. त्यावर उच्च न्यायालय. सिडकोसारख्या सरकारी कंपनीचे कर्मचारी मात्र राज्याच्या नागरी सेवेत मोडत नाहीत. पनवेल तालुक्यातल्या उलव्यासारख्या, सिडकोनेच वसवलेल्या वस्तीत एकाच इमारतीत राहणारे दोन अभियंते, एक सार्वजनिक बांधकाम विभागाचा आणि दुसरा सिडकोचा, अगदी सारख्या तक्रारीसाठी वेगळ्या दारांत जातात, आणि त्यांना लागू होणारे सेवानियमही वेगळे असतात.

विभागाने आधी तात्पुरती ज्येष्ठता यादी प्रसिद्ध करायची, हरकती मागवायच्या, त्या निकाली काढून अंतिम यादी लावायची, अशी रीत आहे. हरकत वेळेत आणि लेखी देणे, तिची पोच जपून ठेवणे, पहिला नेमणूक आदेश व सेवापुस्तकातल्या नोंदींच्या प्रती हाताशी ठेवणे याला फार महत्त्व आहे. न्यायाधिकरणाकडे अंतिम आदेशापासून साधारण एका वर्षात जावे लागते. निवेदनाला उत्तर आले नाही तर सहा महिने थांबून पुढच्या एका वर्षात. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये ओडिशाच्या एका प्रकरणात तीन-चार वर्षे अबाधित राहिलेल्या यादीला हात लावू नये असे सांगितले. त्यामुळे साहेबांशी बोलणे झाले आहे, या विश्वासावर थांबलेल्या माणसाचा रास्त दावाही मुदतीबाहेर जाऊ शकतो.