आपलं ते ओपिनियन

मराठी माणसाला मतांची टंचाई पडल्याचे इतिहासात कुठेही नमूद नाही. लोकसभेच्या निवडणुकीपासून आमटीतल्या मिठापर्यंत सगळ्या विषयांवर त्याचे मत तयार असते. मात्र एवढा माल ठेवायला रोजच्या वापरात त्याच्याकडे शब्द एकच : मत. पेटीत टाकायचे तेही मत आणि चारचौघांत ऐकवायचे तेही मतच. सिद्धांत, तत्त्व, प्रतिपादन वगैरे शब्द आहेत. पण ते व्याख्यानमालेच्या दिवसांत बाहेर काढायचे, एरवी माळ्यावर.

इंग्रजाचे तसे नाही. पाण्यासाठी आपण जसे तांब्या, गडू, पेला, फुलपात्र असे वेगवेगळे प्रकार केले, तसे त्याने डोक्यातल्या मालासाठी केले. आयडिया, ओपिनियन, व्ह्यू, थिअरी, डॉग्मा, हेरसी, आयडिऑलॉजी... नुसती मांडणी भरलेली! यातली बहुतेक भांडी ग्रीक, लॅटिन, फ्रेंच अशा शेजाऱ्यांकडून आणलेली, आणि शेजारधर्माला अनुसरून परत न केलेली. शब्दकोशात पाहावे तर सगळ्यांपुढे थोड्याफार फरकाने 'मत, विचार, कल्पना' हेच. पण त्या थोड्याफार फरकापायी माणसे जळली आहेत आणि तुरुंगातही गेली आहेत. म्हणून जरा नीट पाहू.

आधी आयडिया. ग्रीकमधल्या 'पाहणे' या धातूपासून हा शब्द निघाला. प्लेटोने त्याला पार वर नेऊन बसवले : डोळ्यांना दिसते ती वस्तू नाशवंत, तिचे कधीही न बदलणारे अस्सल रूप म्हणजे आयडिया. पुढे १६९० च्या सुमारास जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने तिला खाली उतरवले आणि विचार करताना मनापुढे जे जे येते ते सगळे आयडियाच, असे ठरवून टाकले. आता ती इतकी खाली आली आहे की, डब्याचे झाकण चमच्याच्या टोकाने उघडले तरी लोक म्हणतात, "काय आयडिया आहे!"

थिअरीचे मूळही पाहण्यातच. थिएटर हा तिचा सख्खा भाऊ. आपणही तत्त्वज्ञानाच्या शाखांना 'दर्शने' म्हणतोच की! शास्त्रज्ञाच्या तोंडी थिअरी म्हणजे पुराव्यांनी तावूनसुलाखून घेतलेली उपपत्ती. नाक्यावर मात्र जी प्रत्यक्षात कुठेच दिसत नाही ती थिअरी.

डॉग्माचा जन्म तर फारच गरीब घरातला. 'वाटणे' या ग्रीक क्रियापदापासून तो आला. म्हणजे मुळात डॉग्मा म्हणजे 'आपलं मला असं वाटतं.' अथेन्समधले ठराव सुरूच व्हायचे ते 'सभेला आणि जनतेला असे योग्य वाटले' या अर्थाच्या शब्दांनी. पुढे हे वाटणे धर्मपीठावर जाऊन बसले आणि त्यावर प्रश्न विचारण्याची सोय उरली नाही. कुठल्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला हे चटकन कळेल. कारकुनाला वाटते तेव्हा ती सूचना असते, साहेबाला वाटते तेव्हा ते मत असते आणि मुख्य कचेरीला वाटते तेव्हा परिपत्रक निघते. वाटण्यात काही फरक नसतो, पायऱ्यांत असतो.

हेरसीची कथा याहून वाईट. मूळ ग्रीक अर्थ 'निवड'. एखाद्याने निवडलेला विचारपंथ, बस्स. इसवी सनाच्या पहिल्या शतकात जोसेफस या ज्यू इतिहासकाराने आपल्या समाजातल्या तिन्ही पंथांना हाच शब्द लावला, आणि त्यात शिवी बिलकूल नव्हती. पण ख्रिस्ती धर्मपीठाचा जम बसल्यावर 'निवडतोस म्हणजे काय?' असा प्रश्न निघाला आणि निवड म्हणजेच पाखंड ठरले. इंग्लंडात १४०१ साली असल्या पाखंड्यांना जाळण्याचा कायदा झाला. एडवर्ड वाइटमन या माणसाला लिचफील्ड गावात १६१२ साली जाळले. या गुन्ह्यासाठी इंग्लंडात जाळलेला तो शेवटचा. जाळण्याची शिक्षा रद्द व्हायला १६७७ साल उजाडले.

आणि आपण हसू नये. आपला 'पाखंड' तरी कुठला? अशोकाच्या शिलालेखांत त्याचे पूर्वरूप 'पासंड' असे येते, आणि तिथे अर्थ आहे साधा 'पंथ'. सगळ्या पासंडांचा मान राखा, दुसऱ्याच्या पंथाची उगीच निंदा करू नका, असे तो सम्राट दगडावर कोरून सांगतो. दगड टिकला, अर्थ काही टिकला नाही. ग्रीकांचा शब्द तिकडे घसरला, आपला इकडे. एकमेकांना न विचारता दोघेही एकाच खड्ड्यात पडले.

असे का होते, याचे उत्तर मला तत्त्वज्ञानापेक्षा हिशेबाच्या वहीत सापडते. तुम्ही बँकेत हजार रुपये ठेवता. तुमच्या लेखी ती मालमत्ता. बँकेच्या ताळेबंदात तेच हजार रुपये 'देणी' या बाजूला. नोटा त्याच, रक्कम तीच. फक्त वही कोणाची हे पाहायचे. मतांचेही तसेच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आपल्या आजीला शब्दकोशावाचून ठाऊक होते.

आयडिऑलॉजीचे पाहा ना. देस्त्यू द त्रासी या फ्रेंच विद्वानाने १७९६ साली हा शब्द स्वतः घडवला. अर्थ : कल्पनांचे शास्त्र. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, तसे. नेपोलियन सुरुवातीला या मंडळींत ऊठबस करी. पुढे सत्ता हाती आली, मंडळी कुरकुर करू लागली आणि त्यांचे शास्त्र एकदम बाष्कळ बडबड ठरले. १८१२ च्या डिसेंबरात रशियातून सैन्य गमावून परतल्यावर त्याने फ्रान्सच्या दुर्दैवाचे खापर फोडले ते आयडिऑलॉजीवर! थंडी, उपासमार, स्वतःचा हट्ट हे सगळे राहिले बाजूला. तेव्हापासून आयडिऑलॉजी बहुधा दुसऱ्याचीच असते. आपली असतात ती तत्त्वे.

या वह्यांच्या अदलाबदलीचा हिशेब मुंबईच्या हायकोर्टातही एकदा मांडला गेला. १८७० साली दंडसंहितेत घातलेल्या १२४अ कलमात 'डिसअफेक्शन' हा गुन्हा होता. सरकारच्या कारभाराबद्दल नुसते 'डिसअप्रोबेशन', म्हणजे नापसंती, हा गुन्हा नव्हता. नापसंती हे झाले मत. मग डिसअफेक्शन म्हणजे काय? १८९७ च्या सप्टेंबरात 'केसरी'तल्या मजकुराबद्दल लोकमान्य टिळकांवर खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला अर्थ सांगितला : अफेक्शनचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे! या हिशेबाने इन्कमटॅक्स भरणारा कोण सुटेल? ज्यूरीतले सहा युरोपियन म्हणाले दोषी, तिघे हिंदी म्हणाले निर्दोष. शब्द एक, खोली एक, वह्या दोन. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी सरकारने कलमाची भाषा दुरुस्त करून अर्थ आणखी पक्का केला.

या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील होते दावर. १९०८ साली टिळकांवर त्याच कलमाखाली पुन्हा खटला झाला, तेव्हा हेच दावर न्यायमूर्तींच्या खुर्चीत होते. सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा त्यांनीच सुनावली. टेबलाची बाजू बदलली, वही बदलली. १९२२ साली अहमदाबादच्या कोर्टात गांधीजींनी तर गुन्हा सरळ कबूल केला आणि प्रेम काही कायद्याने उत्पन्न करता येत नाही, असे शांतपणे सांगून टाकले. लग्न झालेल्या कोणालाही हे पटावे.

हे कलम सरकार गेल्यावरही गेले नाही. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर थांबवला आणि १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली. नव्या न्यायसंहितेत डिसअफेक्शन नाही. देशाची एकता आणि अखंडता धोक्यात आणण्याबद्दलचे १५२ वे कलम आहे. आम्हां बँकवाल्यांना यात नवल वाटत नाही. खाते बंद करताना शिल्लक दुसऱ्या खात्यात वर्ग करण्याची पद्धत जुनीच आहे.

तेव्हा कोणी आपल्या बोलण्याला डॉग्मा म्हणो, थिअरी म्हणो की आणखी काही, आधी शब्दकोश उघडू नये. शब्द लिहिणाऱ्याची वही पाहावी. आणि दुसऱ्याच्या मतावर शिक्का मारण्याआधी आपल्या हातातली वहीही एकदा उलटून पाहावी.

असं आपलं मला वाटतं. ग्रीकमध्ये यालाच डॉग्मा म्हणत.