वर्गणीची रंगभूमी : गावजत्रा आणि तमाशाचा फड

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण प्रायः नाटककारांचा, नटांचा आणि संहितांचा इतिहास म्हणून लिहीत आलो आहोत. मंडळी जगली कशी, पैसा कोणी व कोणत्या नात्याने दिला, हा प्रश्न त्यात आठवणींच्या पुस्तकांवर सोपवला जातो. वस्तुतः आश्रयाचे स्वरूप बदलले की प्रयोगाचे रूपही बदलते. या दृष्टीने नामपूरसारख्या गावाकडून मराठी रंगभूमीकडे पाहिले, तर तिचा नकाशा वेगळा दिसू लागतो.

नामपूर हे नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील मोसम खोऱ्यातले गाव. कांद्याच्या बाजारासाठी परिचित असलेल्या या परिसराची घरची बोली अहिराणी. याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात वि. वा. शिरवाडकर आणि वसंत कानेटकर यांनी लेखन केले. परंतु कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (1962) आणि शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ (1970) ही नाटके रंगमंचावर आणली ती मुंबईच्या गोवा हिंदु असोसिएशनने. गोमंतकीयांनी 1919 मध्ये स्थापन केलेली ही संस्था म्हणजे समाजाने नाटक पोसल्याचे महत्त्वाचे नागर उदाहरण होय. मात्र ही व्यवस्था सभागृह, तिकीटविक्री आणि शहरी प्रेक्षक यांवर उभी होती. खेड्यापर्यंत सातत्याने पोहोचणारी व्यावसायिक मंडळी निराळी होती. ती म्हणजे तमाशाचा फड.

फडाचा अर्थव्यवहार समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले ते चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. 1851 मध्ये चिंतामणराव निवर्तले, आणि संस्थानाचा आधार सुटलेल्या भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. 1853 मध्ये त्यांनी मुंबईत प्रयोग केले. राजाश्रयाकडून तिकिटाकडे असा हा प्रवास आपल्या इतिहासलेखनात आधुनिकतेचा आरंभ म्हणून सांगितला जातो. या मांडणीत आश्रयाचा तिसरा प्रकार सुटतो : गावाची वर्गणी. येथे दाता राजा नाही आणि प्रेक्षक गिऱ्हाईकही नाही. गावकी घरटी पैसा गोळा करते, जत्रेच्या खर्चातून फडाला सुपारी देते, आणि मग खेळ सर्वांसाठी मोकळा असतो.

तमाशाच्या जगात तिकीट आणि वर्गणी या दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदल्या. मोठे फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतात, कनात ठोकून तिकिटावर खेळ करतात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. लहान, हंगामी फडांची भिस्त मुख्यतः जत्रांच्या सुपारीवर असते. चैत्र-वैशाखात दोन्ही प्रकारचे फड सुपारीकडे वळतात. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे या काळात फडांच्या राहुट्या पडतात; पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), नाशिक अशा जिल्ह्यांतील गावपुढारी तेथे येऊन सुपारी ठरवतात. रक्कम फडाच्या नावावर ठरते तशी तिथीवरही ठरते. एकाच तिथीला अनेक गावांची जत्रा असेल तर भाव चढतो. इतर दिवशी तोच फड कमी रकमेला तयार होतो. फडाचे पंचांग असे गावदैवतांच्या पंचांगाला बांधलेले आहे.

या रीतीचा परिणाम रूपावर होतो, आणि समीक्षेने लक्ष द्यावे ते येथेच. तिकिटाच्या खेळात प्रेक्षक पुन्हा यावा ही चिंता असते; म्हणून नवा वग, मोठे नेपथ्य, चित्रपटगीतांची भर. सुपारीच्या खेळात गाव यजमान असते. आरंभीचा गण, त्यामागून गवळण, बतावणी, मग वग हा क्रम, रात्र सरेपर्यंत चालणारा विस्तार आणि दुसऱ्या दिवशी देवापुढे दिली जाणारी हजेरी यांचा अर्थ या यजमानपणाशिवाय लागत नाही. सोंगाड्या गावच्या पाटलाची, सरपंचाची टिंगल करू शकतो, कारण ती सर्व गावासमोर आणि गावाच्याच खर्चाने होत असते. लिखित संहितेत हे काही उतरत नाही. म्हणूनच वगाचे वाङ्मयीन मूल्यमापन अनेकदा अपुरे वाटते.

परंतु ‘लोकाश्रय’ हा शब्द भाबडेपणाने वापरून चालणार नाही. फडातील कलावंत बहुशः महार, मांग, कोल्हाटी या जातींतून आले. ज्या गावाने त्यांना वर्गणीतून पैसा दिला, त्याच गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवले होते. वर्गणीने खेळ विकत घेतला; कलावंताच्या म्हातारपणाची जबाबदारी घेतली नाही. हंगामापूर्वी कलावंत मालकाकडून उचल घेतो, मालक सावकाराकडून कर्ज काढतो, आणि चैत्रातल्या सुपाऱ्यांतून ते फिटेल अशी आशा दोघेही धरतात. विठाबाई नारायणगावकर यांचा 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. तरीही 2002 मध्ये त्या गेल्या त्या आर्थिक विवंचनेतच. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. सन्मान आणि निर्वाह यांतले अंतर याहून स्पष्ट काय दिसावे?

या व्यवस्थेची नाजूक बाजू 2020 मध्ये उघडी पडली. त्या वर्षी गुढीपाडवा 25 मार्चला होता. देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी. ऐन सुपाऱ्यांच्या हंगामात जत्रा रद्द झाल्या; पुढच्या वर्षीही त्यांवर निर्बंध राहिले. तिकीट गेले तर नाटक दुसऱ्या ऋतूत होऊ शकते. जत्रेची तिथी गेली की सुपारी वर्षभरासाठी गेली, उचल मात्र डोक्यावर राहिली. वर्गणीच्या आश्रयाला संचित नसते. त्याला दर चैत्री नव्याने जन्म घ्यावा लागतो.

तेव्हा प्रश्न वर्गणी श्रेष्ठ की तिकीट असा नाही. भाव्यांचा आश्रयदाता गेला तेव्हा मंडळीला दुसरी वाट शोधता आली. फडाचा आश्रयदाता गाव असल्याने तो मरत नाही, पण त्याचे उत्तरदायित्वही एका रात्रीपुरते असते. लहान व्यावसायिक मंडळीला समाजाने जगवावे असे आपण म्हणतो, तेव्हा खेळाला जगवायचे की खेळणाऱ्यालाही, हे ठरवावे लागेल. मोसम खोऱ्यातल्या एखाद्या गावाची वर्गणीची वही आणि फडमालकाची उचलीची वही शेजारी ठेवून वाचणारा संशोधक मराठी रंगभूमीच्या इतिहासाचे एक प्रकरण नव्याने लिहू शकेल. नाट्यसमीक्षेने या वह्यांनाही संहिता मानले पाहिजे.