पाळणाघराचा दर

"बाळ सांभाळायचे महिन्याचे किती?" आपल्या सोसायटीतली तरुण जोडपी हल्ली असे विचारतात. पूर्वी सिरोंच्यात याला दरच नव्हता. आजी नाहीतर शेजारच्या काकू सांभाळायच्या. सणाला लुगडे दिले की झाले.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात अंगणवाडीचा प्रयोग केला. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास योजना 33 ठिकाणी सुरू झाली. अंगणवाडी पालकांना फुकट, पण सेविकेला पगार नाही, मानधन. केंद्राने 2018 मध्ये ते 3000 वरून 4500 रुपये केले. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला सर्वोच्च न्यायालयाचा 2022 चा निकाल यावा लागला. म्हणजे फुकटाची किंमत सेविकांनीच भरली.

शिवाय अंगणवाडी काही तासांचीच. तान्ह्या बाळाला दिवसभर सांभाळायला पाळणाघरच लागते. आम्ही बँकवाले दर कमी दिसला की बाकीचा भार कुणावर, ते आधी बघतो. एक बाई तीन-चार तान्ही मुलेच नीट सांभाळू शकते. दर फारच कमी असेल तर मुले जास्त घेतलेली असतात, नाहीतर बाईच्या पदरात काही पडत नाही. तेव्हा दराआधी विचारा: मुले किती, बाया किती आणि त्यांना मिळते किती?