मिठाचा तांडा, मण्यांची माळ

कळंगुट-बागाच्या वाळूत हातावर आणि खांद्यावर मण्यांच्या शंभरेक माळा टाकून फिरणारी लमाणी बाई आपल्याला रोज दिसते, पण तिच्याविषयी आपण गोवेकर फारसा विचार करत नाही. ‘घाटी’ हा एक शब्द उच्चारला की आपल्या दृष्टीने विषय संपला! हे लोक गोव्यात आले कधी, असे मी अनेक सुशिक्षित मित्रांना विचारून पाहिले. उत्तर बहुतेकांचे एकच: हिप्पी आले, त्यांच्या मागोमाग हे आले. म्हणजे १९७० च्या आसपास.

हे उत्तर निदान तीनशे वर्षांनी चुकलेले आहे.

लमाण, लंबाणी, बंजारा ही एकाच समाजाची नावे. ‘लमाण’ हा शब्द ‘लवण’, म्हणजे मीठ, यावरून आला असे बरेच अभ्यासक मानतात. व्युत्पत्तीच्या भरवशावर इतिहास रचू नये हे मलाही ठाऊक आहे, पण इथे नुसता शब्द नाही, व्यवहारही आहे. दख्खनच्या पठारावर मीठ पिकत नाही. ते पिकते खाली किनाऱ्यावर, आणि मधे उभा सह्याद्री. गाडीरस्ता नाही, नदी उलट दिशेने वाहते. तेव्हा मीठ वर जाणार ते बैलाच्या पाठीवरूनच. सतराव्या शतकात हिंदुस्थानभर फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने धान्य आणि मीठ वाहणारे दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. वाट अरुंद असली की असा तांडा पुढे निघून जाईपर्यंत बाकीच्या प्रवाशांनी वाट बघत बसायचे, दोन-दोन, तीन-तीन दिवस!

असे बैलतांडे गोव्यातही उतरत. पोर्तुगेज त्यांना ‘बोयाद’ म्हणत. ‘बोय’ म्हणजे बैल. घाटावरून तांदूळ, कापड, मिरी असा माल खाली यायचा आणि जाताना खारे मासे, नारळ आणि मुख्य म्हणजे मीठ वर जायचे. सगळेच बैलवाले लमाणी नव्हते, लिंगायत आणि इतर व्यापाऱ्यांचेही बैल असत, हे खरे. पण मीठ वाहणे हाच ज्यांचा पिढीजात धंदा होता ते हे लोक. आपल्या पेडणे-बार्देशच्या मिठागरांतले मीठ वर कुठल्या तरी आमटीत पडत होते ते ह्यांच्या पाठबळावर. (पाठबळ म्हणजे अर्थात बैलाच्या पाठीचे बळ.) आणि ही माणसे येत तेव्हा त्यांच्या बायका आजच्यासारख्याच आरशांची कांचळी, घेरदार फेटिया आणि डोक्यावर टुकरी लेवून येत असणार. गळ्यात मणी, कवड्या, नाणी. आजच्या लमाणी बाईच्या अंगावर कवडी नुसती शोभेची वाटते. पण मालदीवहून येणारी ही कवडी बंगालसारख्या प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चलन म्हणून चालत होती. फिरत्या माणसाला तिजोरी नसते. बायकोच्या गळ्यात, केसांत आणि दंडावर त्याची बँक असते.

हे सगळे मोडले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगेज यांच्यात एक करार झाला. त्याने गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनाची आणि विक्रीची मक्तेदारी इंग्रजांच्या हाती गेली आणि त्या बदल्यात पोर्तुगेज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. १८९२ साली करार संपला, पण तोवर आपली किती मिठागरे ओस पडली होती! त्याच करारातून मुरगाव बंदर ते कॅसलरॉक हा लोहमार्ग आला. १८८८ पर्यंत गाडी घाट चढू लागली. दहा हजार बैलांचे ओझे वाफेचे इंजिन काही फेऱ्यांत वर नेऊ लागल्यावर तांड्याचे काय काम? देशभर हेच झाले. त्यात १८७१ चा ‘गुन्हेगार जमाती’ कायदा. बंजाऱ्यांच्या अनेक शाखांवर तो लागू झाला. ज्यांच्या भटकण्यावर साम्राज्यांची पोटे भरली, त्यांचे भटकणे हाच गुन्हा ठरला. तो कायदा जायला १९५२ साल उजाडावे लागले.

आता मण्यांकडे येतो.

‘हाताने केलेले दागिने’ असे आपण सहज म्हणतो. पण मण्यांच्या माळेत हात किती जणांचे असतात? मणी करणारा एक, ओवणारा दुसरा आणि विकणारा तिसरा. हे तिघे एका गावात, पुष्कळदा एका देशातही नसतात. आपल्या बायकांच्या गळ्यातली काळी पोत घ्या. तिच्याइतकी ‘आपली’ वस्तू दुसरी नाही. पण गोव्यात काचेचे मणी पाडण्याचा धंदा चालला असे मी कुठे वाचले नाही. पुदुच्चेरीजवळ अरिकामेडू येथे, जिथे १९४५ साली मॉर्टिमर व्हीलरने उत्खनन केले, तिथे दोन हजार वर्षांपूर्वी असले बारीक एकरंगी मणी होत होते. पीटर फ्रान्सिस या अमेरिकन अभ्यासकाने त्यांना ‘इंडो-पॅसिफिक’ मणी असे नाव दिले, कारण पूर्वेला आग्नेय आशिया आणि पश्चिमेला आफ्रिका इथपर्यंत ते सापडतात. ही कला आंध्रात, तिरुपतीजवळच्या पापानायडूपेट या गावात विसाव्या शतकापर्यंत जिवंत राहिली. वितळलेल्या काचेचा जड गोळा लोखंडी नळीवर घ्यायचा, मधे पोकळी राहील अशी सळई घालायची आणि भट्टीच्या दुसऱ्या तोंडाने एकाने काचेचे टोक पकडून हातावर हात टाकत ओढत राहायचे. काचेची लांबच लांब पोकळ नळी निघते. तिचे तुकडे करायचे आणि राखेत घोळवून पुन्हा शेकायचे, म्हणजे धारदार कडा गोल होतात. झाली पोत! लिहायला चार ओळी लागतात. ओढणाऱ्याच्या तळहातांची दशा काय होत असेल?

पोर्तुगेज भाषेत ‘कोन्त’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, मणी आणि हिशोब. जपमाळेवर प्रार्थना मोजायच्या म्हणून असेल. पण गोव्याच्या पोर्तुगेजांनी हे दोन्ही अर्थ एकत्र आणले. आफ्रिकेच्या सोफाळा किनाऱ्यावर सोने आणि हस्तिदंत घ्यायचे तर तिथल्या लोकांना युरोपचा माल नको होता. त्यांना हवे होते हिंदुस्थानचे कापड आणि हिंदुस्थानचे मणी, शतकानुशतके ओळखीचे झालेले. तेव्हा खंबायतचे अकीक आणि दक्षिणेतले काचेचे मणी जहाजांत चढले. अकिकाची गोष्ट तर वेगळ्या लेखाची आहे. भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणीतून दगड काढायचा, उन्हात वाळवून, मंद शेकून लाल करायचा, खंबायतला म्हशीच्या शिंगाच्या हातोड्याने टवके काढून घडवायचा, भोक पाडायचे, घासायचे. ही घासणारी माणसे दगडाच्या धुळीने सिलिकोसिस होऊन मरत आली आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-स्वास्थ्य संस्थेने त्यावर अभ्यास केलेला आहे. २००८ साली खंबायतच्या अकिकाला भौगोलिक मानांकन मिळाले. फुप्फुसाला मानांकन नसते. असो.

एकोणिसाव्या शतकात तर बोहेमियातल्या याब्लोनेत्स गावचे काचमणी आणि बांगड्या जहाजे भरभरून हिंदुस्थानात येऊ लागल्या. आज बाजारात उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचे आणि बनारसचे मणी आहेत, चिनी आहेत, प्लास्टिकचे तर आहेतच. मणी कायमच लांबून आला. इथले, स्थानिक असे माळेत काही होते तर ते ओवणे. आपल्याकडे त्याचीही एक जात होती, पटवेकरी. रेशमाचा दोरा पिळून, गोंडे करून, गाठी मारून दागिने गाठवून देणारे. मंगळसूत्र ‘गाठवून’ घ्यायचे असते, हे क्रियापद त्यांनी मागे ठेवले. सोने घडवणाऱ्या शेटचे नाव घराघरात माहीत असते. माळ गाठवणाऱ्याचे नाव मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

लमाणी बाई किनाऱ्यावर आली ती अशी, ओवणारी आणि विकणारी म्हणून. १९७० च्या दशकात हणजुणेला हिप्पींचा बुधवारचा बाजार सुरू झाला. परतीच्या तिकिटासाठी आपले कपडे, कॅमेरे, टेपरेकॉर्डर विकणारी ही मंडळी होती. त्यांना लमाणी कपडे आणि दागिने भलतेच आवडले. आणि इथे एक गोष्ट घडली, जिच्याविषयी आपल्याकडे फारसे कुणी लिहीत नाही. लमाण्यांनी सुरुवातीला विकले ते स्वतःचे. आजीची कांचळी, आईची घुगरी, चांदीच्या नाण्यांची माळ, लग्नासाठी वर्षानुवर्षे टाके घालून केलेली पिशवी. दलाल तांड्यांवर जाऊन जुने काम उचलू लागले. ते कापून त्याचे पट्टे, उशांचे अभ्रे, भिंतीवर टांगायचे तुकडे झाले आणि परदेशातल्या संग्राहकांकडे गेले. उपाशी माणसाने घरातले विकले, त्याला दोष देता येत नाही. पण माझ्या मते हा आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच गावात झालेला एका समाजाच्या ठेव्याचा लिलाव होता, आणि आपण तेव्हा नागड्या हिप्पींविषयी अग्रलेख लिहिण्यात गुंतलो होतो.

ठेवा संपला तेव्हा नवीन माल करणे भाग पडले. म्हणून मण्यांची माळ. विजापूर, बागलकोट, गदग, कोप्पळ भागांतल्या तांड्यांवरून हंगामाला यायचे, भाड्याच्या खोलीत सात-आठ जणांनी राहायचे, रात्री ओवायचे, दिवसा विकायचे. मी एकदा एकीला विचारले, “अक्का, हे मणी कुठले?” ती म्हणाली, “किलोवर मिळतात, दादा. मुंबईचा शेठ देतो.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसत पुढे म्हणाली, “पण फॉरेनरला सांगते, माझ्या गावचे.” तिच्या स्वतःच्या गळ्यात त्यातली एकही माळ नव्हती. तिथे होती काळी पोत आणि दोन सोन्याचे मणी, अगदी आपल्या घरातल्यासारखी.

तिचे हे बोलणे लबाडीचे म्हणावे का? मला नाही वाटत. रंगांची निवड तिची असते. लालानंतर पिवळा, मधे पांढऱ्याची जोडी, कडेला कवडी, ही शिस्त तिच्या कांचळीवरच्या टाक्यांतून आलेली आहे. मणी मुंबईचा, पण माळ तांड्याचीच. आपली पोत तरी दुसरे काय आहे?

याच लमाण्यांचे एक वेगळे चित्र सांडूरला दिसते. बल्लारी जिल्ह्यातले हे सांडूर म्हणजे मराठ्यांचे, घोरपड्यांचे संस्थान, १९४९ साली विलीन झालेले. तिथे ‘सांडूर कुशल कला केंद्र’ ही संस्था लमाणी बायकांकडून भरतकाम करून घेते. त्या कामाला भौगोलिक मानांकन आहे. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० ची बैठक झाली, तेव्हा साडेचारशेवर लमाणी बायकांनी केलेल्या १,७५५ वस्तूंच्या प्रदर्शनाची गिनीजमध्ये नोंद झाली. पाहुण्यांनी फोटो काढले, पेपरांत छापून आले. छान झाले. तिथे तीच बाई ‘कारागीर’ असते.

आणि इथे? गोव्याच्या अनुसूचित जातींच्या यादीत हा समाज नाही. कर्नाटकात आहे, महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत आहे, तेलंगणात अनुसूचित जमातींत. सीमा ओलांडली की माणसाची जातही बदलते! पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी गोव्यात २००१ चा कायदा आहे. २०२५ साली त्यात दुरुस्ती झाली आणि पर्यटकांच्या मागे लागून माल विकणे वगैरे उपद्रवांसाठी ५ हजारांपासून १ लाख रुपयांपर्यंत दंड आला. आता, मागे लागणाऱ्या विक्रेत्यांचा त्रास होतो हे मी नाकारत नाही. वाळूत दोन मिनिटे निवांत बसू देत नाहीत, मलाही नाही. किनाऱ्याला शिस्त हवीच. पण शिस्त लावायची तर बसायला जागा, ओळखपत्र आणि वाजवी शुल्क असेही करता येते. हणजुणेच्या बाजारात कित्येक वर्षे जागेचे पैसे भरून लोक बसतच आले आहेत. नुसता हाकलण्याचाच मार्ग निवडताना ‘हे बाहेरचे, काल-परवा आलेले’ हे कारण तरी देऊ नये. ते खरे नाही.

हडफड्याला म्हापसा-कळंगुट रस्त्यावरून जाताना मिठागरे दिसतात. त्याच हडफड्यात हंगामात शनिवारचा रात्रबाजार भरत आला आहे, आणि तिथे दिव्यांच्या माळांखाली दागिन्यांचे गाळे असतात. गाळ्यातली माळ आणि वाळूतली माळ यांच्या किमतींत चांगलाच फरक पडतो. मणी पुष्कळदा तेच असतात. दोराही तोच: तंगूस, आपले रापणकार आणि गरी टाकणारे वापरतात तो. रेशमी दोऱ्याला सुई लागते, पीळ लागतो, गाठ मारणारा पटवेकरी लागतो. तंगूस ताठ असतो, सुईशिवाय मण्यातून जातो, खाऱ्या पाण्यात कुजत नाही आणि अंधाऱ्या खोलीत नुसत्या बोटांच्या अंदाजाने ओवता येतो.